एकट्याने वाइनचा एकच पेला घेताना
एकट्याने वाइन घ्यायची असेल, तर सुमारे १५० मिलिलिटर पेल्यात ओतून, बूच घट्ट लावून बाटली लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. उघडलेली वाइन तिथे तीन दिवस सहज टिकते, त्यामुळे ती संपवण्याची घाई उरत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत असलेला बरा. पेला दांडीला धरून हलकेच गोल फिरवला, की काचेवर वाइनचा पातळ थर चढतो आणि सुगंध मोकळा होतो, म्हणून पहिल्या घोटाआधी तो दोनदा तरी हुंगावा, कारण आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकालाच कळतो. फार गार वाइन (विशेषतः पांढरी) मुकीच वाटते, म्हणजे तिचा सुगंध फारसा जाणवत नाही. ती जरा कोमट होऊ द्यावी आणि दहा मिनिटांनी पुन्हा हुंगून पाहावी.