ट्रकचा मोड स्विच वापरताना या चुका टाळा

दहा चाकी ट्रक हौद्यासह रिकामा असताना साधारणपणे दहा टनांच्या आसपास भरतो आणि 2018 मध्ये वाढवलेल्या ॲक्सलभाराच्या मर्यादेनुसार मालासह त्याचे एकूण वजन 28.5 टनांपर्यंत जाऊ शकते. जाताना जे इंजिन भरलेली गाडी ओढते, तेच परत येताना जवळजवळ एक तृतीयांश वजन ओढत असते. हा फरक सांभाळण्यासाठी डॅशबोर्डावर मोडचा स्विच दिलेला असतो. टाटाच्या सिग्ना आणि प्रायमा मालिकेतील अनेक गाड्यांत त्याला लाइट, मीडियम आणि हेवी असे तीन टप्पे आहेत, तर महिंद्राने 2016 मध्ये आणलेल्या ब्लाझोमध्ये लाइट, हेवी आणि टर्बो असे तीन मोड आहेत. नावे वेगळी असली तरी काम एकच आहे. इंजिनाने जास्तीत जास्त किती टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, आणि किती ताकद काढावी याची मर्यादा, निवडलेल्या मोडनुसार, ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, ठरवतो. त्या मर्यादेच्या आत डिझेल किती जळेल, हे मात्र चालकाचा पाय आणि त्याने निवडलेला गिअरच ठरवतात. स्विचबाबतच्या बहुतेक चुका ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे होतात.

कायम लाइट मोडमध्ये गाडी चालवणे

सर्वांत महागात पडणारी चूक बहुधा मालकाच्या सूचनेतून सुरू होते. डिझेल वाचेल या समजुतीने चालकाला सांगितले जाते की स्विच लाइटवरच ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या गाडीला सपाट रस्त्यावर ही सूचना योग्यच आहे, पण पूर्ण भरलेली गाडी चढावर आली की चित्र बदलते. वरच्या गिअरमध्ये ओढण्याइतका टॉर्क इंजिनाला मिळत नाही, त्यामुळे चालक एक गिअर खाली येतो, मग आणखी एक, आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा कमी डिझेल जाळणारा हिरवा पट्टा सोडून वर जातो. एका किलोमीटरसाठी इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, वेग मात्र कमी होतो, आणि ज्या डिझेलसाठी हा सगळा खटाटोप केला तेच जास्त जळते. त्यातच गाडी थांबून चढावर पुन्हा उचलायची वेळ आली, तर अर्धा क्लच धरून ती रेटावी लागते आणि क्लच प्लेट वेळेआधी जळते. एका क्लचचा खर्च आणि गाडी उभी राहिल्याचे दिवस धरले, तर लाइट मोडने वर्षभरात वाचवलेले पैसे त्यात सहज निघून जाऊ शकतात. म्हणून मालकांना माझी कळकळीची विनंती आहे की मोडचा निर्णय वजनकाट्याची पावती आणि पुढचा रस्ता पाहून चालकाला घेऊ द्यावा.

घाट दिसला की हेवी

याच्या उलट चूकही तितकीच रुळलेली आहे. नाशिक जिल्ह्यातून न्हावा शेवा बंदराकडे कांदा घेऊन जाणाऱ्या गाडीचा विचार करावा. लासलगाव किंवा पिंपळगावहून भरून निघालेली ही गाडी कसारा घाट उतरते आणि माल खाली करून, परतीचे भाडे मिळाले नाही तर, तोच घाट रिकामी चढते. दहा टनांच्या रिकाम्या गाडीला कसारा चढण्यासाठी हेवी मोडची गरज नसते, लाइट किंवा फार तर मधला मोड पुरतो. घाट आला म्हणून सवयीने हेवी लावले, की अ‍ॅक्सिलरेटरवर थोडा पाय पडताच गाडी झेप घेते, पावसाळ्यात ओल्या वळणावर मागची चाके फिरतात आणि टायर विनाकारण घासतात. परतीला खत किंवा सिमेंट भरलेले असेल, तर मात्र त्याच घाटासाठी पूर्ण ताकदीचा मोड लावलाच पाहिजे, आणि तो घाटाच्या पायथ्याशी, सपाट जागेवरच लावावा. चढाच्या मध्यावर, वळणात, इंजिन दमलेले असताना स्विच फिरवणे उशिराचे ठरते, कारण तोपर्यंत गाडीचा वेग पडलेला असतो आणि गिअरही खाली आणावा लागलेला असतो.

समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ रस्त्यावर मोडपेक्षा वेगाचा प्रश्न मोठा आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 60 वरून 80 किलोमीटरवर गेल्यास तो जवळजवळ 1.8 पट होतो. कोणताही मोड हा विरोध कमी करू शकत नाही.

उतारावर मोडवर भरवसा ठेवणे

या चुकीबद्दल मी सर्वांत आग्रहाने लिहीत आहे, कारण येथे डिझेलाचा नव्हे तर माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. मोडचा स्विच गाडी ओढण्यासाठी आहे, उतारावर तिला रोखण्याचे काम तो करत नाही. ते काम गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनातून बाहेर पडणारा धूर अडवून गाडी रोखणारा ब्रेक) आणि एअर ब्रेक यांनी मिळून करायचे असते. तरीही न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतार काढल्यास डिझेल वाचते, ही जुनी समजूत अजून गेलेली नाही. कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाने डिझेल सोडणाऱ्या आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्टर डिझेल सोडणेच थांबवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवण्यासाठी डिझेल घेतच राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये बचत तर नाहीच, उलट खर्च आहे. इंजिन बंद केले तर धोका आणखी वाढतो, कारण ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होते आणि गाडीचा सगळा भार तापलेल्या ब्रेक ड्रमवर पडतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका अवजड वाहनाने 48 वाहनांना धडक दिली होती, आणि चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते असे पोलिसांच्या प्राथमिक तपासातून समोर आले होते. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी तो चढ चढली असती, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, आणि गिअर उतार सुरू होण्याआधीच निवडावा. एक्झॉस्ट ब्रेक जास्त आरपीएमवर अधिक चांगला काम करतो, म्हणून उतरताना काटा थोडा वर राहू द्यावा, मात्र लाल पट्ट्यात जाऊ देऊ नये.

‘गाडी ओढत नाही’ अशी तक्रार आली तर

वर्कशॉपला जाण्याआधी स्विच पाहावा. आमच्या एका गाडीचे दोन दिवस फिल्टर आणि पाइप तपासण्यात गेले आणि शेवटी आदल्या फेरीत रिकामी आलेली गाडी लाइटवरच राहिल्याचे लक्षात आले. चालक बदलताना स्विच कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगण्याची पद्धत आम्ही त्यानंतर लावून घेतली.

स्विच बरोबर असेल तर डॅशबोर्डावरचे दिवे पाहावेत. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 या प्रदूषण निकषांच्या गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी वापरले जाणारे डीईएफ हे द्रावण, म्हणजे चालकांच्या भाषेत युरिया, संपत आला किंवा भेसळीचा निघाला तर ईसीयू स्वतःहून इंजिनाची ताकद कमी करतो, आणि मग हेवी मोडही उपयोगी पडत नाही. या द्रावणात 32.5 टक्के युरिया असावा लागतो. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतण्याचा प्रकार धूर स्वच्छ करणाऱ्या एससीआर यंत्रणेचे मोठे नुकसान करतो. दिवा लागलेला नसेल तर तुंबलेला एअर फिल्टर, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरकडून येणाऱ्या पाइपची सैल क्लिप, डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी, धरून राहिलेला ब्रेक आणि टायरमधील कमी हवा या क्रमाने तपासावे. थोडे अंतर चालवल्यावर एखादा ड्रम इतरांपेक्षा जास्त तापला असेल, तर दोष इंजिनात शोधण्याचे कारण नाही.

कोणता मोड परवडतो हे ठरवताना एका फेरीच्या अ‍ॅव्हरेजवर विसंबू नये. टाकी काठोकाठ भरून निघावे, परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी, आणि मार्ग, वजन व मोड एकाच ओळीत लिहून ठेवावेत. अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की भरलेल्या गाडीची तुलना भरलेल्या गाडीशी आणि रिकामीची रिकामीशी करता येते.