घरी इंजिन उघडताय? हत्यारं घेताना या चुका टाळा

जुन्या मारुती ८००चं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन घरी उघडायला तसं सोपं. गाडी अडते ती हत्यारांपाशी. ऑनलाइन भलीमोठी पेटी मागवली जाते. तिच्यातली निम्मी हत्यारं या इंजिनाला लागतच नाहीत आणि जी लागतात ती पेटीत नसतात.

एकाच टॉर्क रेंचवर सगळं भागवणं

टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच कसायचा पाना, आणि सगळ्यात महागात पडते ती ही चूक. अर्धा इंची, २०० न्यूटन-मीटरचा रेंच हेड बोल्टसाठी ठीक आहे. पण क्लिकवाला (ठरवलेला जोर आला की 'क्लिक' करणारा) रेंच त्याच्या कमाल आकड्याच्या साधारण २० टक्क्यांखाली भरवशाचा नसतो. ६ मिमीचे बारीक बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरवर कसायचे असतात. तिथे मोठा रेंच लावलात तर क्लिकची वाट बघता बघता अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जातात. ५ ते २५चा छोटा रेंच वेगळा घ्या, भले मोठा कुणाकडून मागून आणा. क्लिक झाल्यावर 'अजून थोडंसं' नको. गंजका बोल्ट सोडवायलाही रेंच वापरू नका. काम झालं की आकडा सर्वांत खाली आणून ठेवा. आणि बोल्ट कोरडा कसायचा की तेल लावून, ते मॅन्युअलमध्ये बघा. तेल लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो.

व्हर्नियरने बोअर मोजणं

या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६८.५ मिमी. पिस्टन आणि बोअरमधली फट मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची, आणि नेहमीच्या व्हर्नियरचं लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिमी. म्हणजे जेवढी फट, जवळपास तेवढीच मापात चूक! त्यासाठी बोअर गेज लागतो, आणि तो सेट करायला ५०–७५चा मायक्रोमीटर. एका इंजिनापायी हा खर्च करू नका. ब्लॉक तसाही बोअरिंगवाल्याकडे जाणार आहे. तिथे उभं राहून प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांना मोजून घ्या, आकडे वहीत उतरवा. 'घासलाय, ओव्हरसाइज (मोठ्या मापाचे पिस्टन) टाका' एवढंच ऐकून पैसे मोजू नयेत.

बेअरिंगची फट मात्र घरीच कळते. प्लास्टिगेजची (दाबली की चपटी होणाऱ्या मऊ प्लास्टिकची) पट्टी तेल पुसलेल्या जर्नलवर, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, ठेवा, बेअरिंगची कॅप पूर्ण टॉर्कला कसा, परत उघडा आणि चपटी झालेली पट्टी पाकिटावरच्या खुणांशी ताडून बघा. मधे क्रँक फिरवलात तर पट्टी फुकट गेली.

रिंग कंप्रेसर, पुलर, व्हॉल्व्ह स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प, हे स्वस्तातले चालतात. फ्लायव्हील अडवायला तर लोखंडी अँगलचा तुकडाही पुरतो. क्लॅम्पचा कप तेवढा हेडच्या खाचेत मावतो का, हे घेण्याआधी बघा. पिस्टन घालताना अडला तर ठोकू नका: पिस्टनची रिंग कंप्रेसरच्या बँडमधून निसटून ब्लॉकच्या काठावर अडकलेली असते. पिस्टन बाहेर काढा, बँड ब्लॉकवर सपाट टेकवा आणि हातोड्याच्या लाकडी दांड्याने हळूच आत सरकवा.

मेन कॅप (क्रँकला ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या कॅप) एकेक कसत जा आणि दर वेळी क्रँक हाताने फिरवून बघा. ज्या कॅपनंतर तो जड झाला, ती सोडा. बहुतेक वेळा कॅप उलटी बसलेली असते, नाहीतर बेअरिंगमागे कचरा असतो.