सर्कसवाल्यांचा वेस्टर्न: ‘बूट हिल’ पाहण्याआधीची जुळवाजुळव

इटालियन वेस्टर्न (घोडे-बंदुकींचा, जुन्या अमेरिकेत घडणारा चित्रपट), त्यात सर्कस आणि गावावर पकड बसवलेला धनदांडगा, एवढ्या खुणांवर शोधलंत तर दोन चित्रपट समोर येतात. ‘द रिटर्न ऑफ सबाटा’मध्ये (१९७१) ली व्हॅन क्लीफ सर्कशीत नेमबाजीचे खेळ करतो, पण लढाई मुख्यतः त्याची. अख्खी सर्कस उभी राहते ती ‘बूट हिल’मध्ये. साल १९६९, दिग्दर्शक ज्युसेप्पे कोलित्सी, मूळ नाव ‘ला कोलिना देल्यी स्तिवाली’, म्हणजे बुटांची टेकडी. पायात बूट असतानाच गोळी लागून मेलेल्यांना पुरायची जागा. पुढची सगळी माहिती या दुसऱ्या चित्रपटाची आहे.

आधी अपेक्षा जुळवून घ्या. टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सर ही नावं वाचून धमाल हाणामारी पाहायला बसलात तर पहिल्या अर्ध्या तासातच चुळबुळ सुरू होईल. या जोडीचा विनोदी वेस्टर्न ‘ट्रिनिटी’ आला १९७० मध्ये. तो इतका चालला की वितरकांनी हा आधीचा, बराचसा उदास चित्रपट ‘ट्रिनिटी राइड्स अगेन’ अशा नावाने पुन्हा विकला. जर्मनीत तर काटछाट करून, नवे चुरचुरीत संवाद चिकटवून त्याची विनोदी आवृत्ती काढली. तुमच्या हाती ती आली असेल तर बाजूला ठेवा. प्रसंग रडवेला आणि संवाद टिंगलीचे, असं काहीतरी विचित्र रसायन आहे ते. स्पेन्सर पडद्यावर यायलाही बराच वेळ जातो. तोवरचा भार वूडी स्ट्रोडवर. झुल्यावर काम करणारा त्याचा थॉमस हाच खरं तर चित्रपटाचा कणा आहे.

‘बूट हिल’ हा मालिकेतला तिसरा भाग. आधीचे दोन १९६७ आणि १९६८ चे, दिग्दर्शक तोच. ते न पाहता बसलात तरी गोष्ट कळते. कॅट (हिल) आणि हच (स्पेन्सर) यांची जुनी ओळख तेवढी गृहीत धरा. वेळ असेल तर क्रमाने पाहा.

आता प्रत, कारण निम्मं नुकसान इथेच होतं. मूळ चौकट २.३५:१, म्हणजे उंचीच्या सव्वादोन पटीहून जास्त रुंद. अमेरिकेत स्वस्त डिस्कच्या संचांतून खपलेल्या बऱ्याच प्रतींत ती ४:३ च्या जुन्या टीव्ही चौकटीत कापून बसवलेली असते. ४:३ म्हणजे १.३३, त्याला २.३५ ने भागा: ५७ टक्के चित्र उरतं, ४३ टक्के जातं. साध्या संवादात हे एक वेळ चालून जाईल, झुल्याच्या खेळात नाही. एकाने हात सोडले की नजर आपोआप दुसऱ्या झुल्यावर उलट्या लटकलेल्या जोडीदाराकडे जाते. कापलेल्या प्रतीत तो चौकटीबाहेर असतो. हवेतला माणूस दिसतो, धरणारे हात दिसत नाहीत, आणि त्या उडीतली धाकधूकच संपते.

प्रत तपासायला दोन मिनिटं पुरतात. संगणकाच्या १६:९ पडद्यावर फाइल लावा. वर-खाली काळ्या पट्ट्या हव्यात. फक्त डाव्या-उजव्या बाजूला पट्ट्या असतील तर चित्र कापलेलं आहे. पट्ट्याच नसतील तर ते कडेने छाटलंय किंवा उभं ताणलंय. ताणलंय का ते गाडीच्या चाकावरून कळतं: चाक अंड्यासारखं दिसलं तर ताणलेलं. हे व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ए’ कळ दाबत योग्य प्रमाण आणून सुधारता येतं. छाटलेलं मात्र कशानेच परत येत नाही.

मग लांबी पाहा. पूर्ण चित्रपट सुमारे १०० मिनिटांचा. ९६ च्या आसपास दिसली तर लगेच कात्री लागली असं समजू नका: सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) चित्रपट युरोपच्या जुन्या टीव्ही पद्धतीत २५ ने पळवला की चार टक्के वेळ वाचतो आणि आवाज किंचित पातळ होतो. त्याहून बरीच कमी भरली तर मात्र कापाकापी झालेली आहे.

आवाजाबाबत एक गैरसमज नेहमीचा. ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून लोक आवाज पुढे-मागे करत बसतात. त्या काळच्या इटालियन चित्रपटांत संवाद नंतर स्टुडिओत भरले जात आणि नट आपापल्या भाषेत बोलत. ओठ पूर्ण जुळणारच नाहीत. जुळणी ओठांवर नाही, बंदुकीवर तपासा. नळीच्या तोंडाशी ठिणगी दिसते त्याच क्षणी आवाज यायला हवा. आवाज आधी आला तर व्हीएलसीत ‘के’ कळ दाबा, उशिरा आला तर ‘जे’. दर वेळी ५० मिलिसेकंदांचा फरक पडतो.

सबटायटलांचा घोळ वेगळा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर ‘जी’ आणि ‘एच’ कळांनी काम भागतं. फरक वाढत जात असेल, दहा मिनिटांत साधारण २४ सेकंद, तर तो वर सांगितलेला २४-२५ चा घोटाळा. ‘सबटायटल एडिट’ या प्रोग्रॅममध्ये चौकटींचा वेग बदलून फाइल पुन्हा साठवा. मध्येच एकदम उडी मारत असेल तर सबटायटलं पूर्ण आवृत्तीची आणि तुमची प्रत कापलेली. तिथे खटपट करू नका, दुसरी प्रत शोधा. इटालियन आवाजावर इंग्रजी डबिंगचे संवाद चढवलेलेही सर्रास मिळतात: पात्र गप्प आणि खाली दोन ओळी!

सगळ्यात त्रास देतो तो काळोख. सुरुवातीलाच रात्रीचा पाठलाग आहे, एकीकडे सर्कशीचा खेळ रंगलेला आणि दुसरीकडे अंधारात कॅटवर गोळ्या. वाईट प्रतीत हा भाग म्हणजे नुसतं डांबर. लोक ब्राइटनेस वाढवतात, तेव्हा काळा रंग राखाडी होतो आणि दिसत काहीच नाही. त्याऐवजी व्हीएलसीच्या व्हिडिओ इफेक्टमध्ये गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) १.० वरून १.२ पर्यंत न्या. सावलीतले चेहरे वर येतात, काळा बऱ्यापैकी काळाच राहतो. १.४ च्या पुढे रवा (चित्रातले बारीक दाणे) नाचायला लागतो. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं) आणि नॉइज रिडक्शन (दाणे पुसणारं) बंद ठेवा. तो रवा फिल्मचाच आहे, पुसलात तर चेहरे मेणाचे होतील.

चार जणांना दाखवणार असाल तर पडदा मोजून घ्या. आठ फूट रुंदीवर चित्राची उंची भरते जेमतेम तीन फूट पाच इंच. मागच्या रांगेतल्यांना पुढच्यांची डोकी आडवी येतात, म्हणून चित्राची खालची कड जमिनीपासून किमान चार फुटांवर घ्या. मध्यंतर लागलंच तर सर्कस मोडते तिथे घ्या. शेवटाजवळ मंडळी गावात खेळ लावून त्या धनदांडग्या खाणमालकाच्या गुन्ह्यांचंच नाटक त्याच्यासमोर करतात. तिथून गोळीबार संपेपर्यंत कुणालाही दिवा लावू देऊ नका.