परसातील कोंबड्यांचे शिकारी प्राण्यांपासून रक्षण

परसातली बहुतेक खुराडी कोंबड्यांनी बाहेर जाऊ नये एवढ्याच विचाराने बांधलेली असतात. बाहेरच्याने आत येऊ नये, हा विचार बहुधा पहिली कोंबडी गेल्यानंतर सुचतो. ही दोन कामे वरवर सारखी वाटली तरी प्रत्यक्षात फार वेगळी आहेत. कोंबडीला अडवायला पातळ तारेची जाळी आणि साधी कडी पुरते, कारण ती जमीन उकरते ती किड्यांसाठी, कुंपणाखालून निसटण्यासाठी नव्हे. याउलट कोल्हा खालून खणतो, कुत्रा अंगाच्या जोरावर जाळी उचकटतो, मुंगूस अरुंद फटीतून अंग चोरून शिरते, रानमांजर भिंत चढून छपराच्या कडेशी वाट शोधते आणि उंदीर लाकूड कुरतडून स्वतःच वाट तयार करतो. म्हणून खुराडे बांधताना किंवा जुने दुरुस्त करताना प्रत्येक भिंत, फट आणि दार या प्राण्यांच्या बाजूने पाहावे लागते.

सुरुवात जाळीपासून करावी, कारण सर्वाधिक फसगत तिथेच होते. कोंबड्यांची जाळी म्हणून सर्वत्र विकली जाणारी षट्कोनी भोकांची जाळी स्वस्त, हलकी आणि हाताळायला सोपी असते, पण तिची तार इतकी पातळ असते की मोठा कुत्रा ती दातांनी फाडू शकतो, आणि भोके इतकी मोठी असतात की लहान शिकारी प्राण्याचा पंजा त्यांतून सहज आत जातो. जाळीला टेकून झोपलेली कोंबडी सकाळी मान किंवा डोके नसलेल्या अवस्थेत सापडते, तेव्हा शिकारी आत आलेलाच नसण्याची शक्यता असते. त्याने बाहेर उभे राहूनच तिला ओढलेले असते. यासाठी चौकोनी भोकांची, वेल्डिंग केलेली आणि जस्ताचा मुलामा दिलेली जाळी वापरावी. तिची भोके साधारण 12 ते 13 मिलिमीटरची असावीत आणि तार किमान 1 मिलिमीटर जाडीची असावी. खर्च जास्त येतो हे खरे, परंतु सगळ्या आवाराला ती परवडत नसेल तर निदान कोंबड्या रात्री जिथे बसतात ते खुराडे आणि आवाराचा जमिनीलगतचा दोन-तीन फुटांचा पट्टा तरी याच जाळीने बंद करावा.

जाळी चांगली असूनही ती लाकडाला नुसत्या पिनांनी ठोकलेली असेल, तर कुत्र्याच्या एका धडकेत पिना निघून येतात. स्क्रू आणि रुंद वॉशर वापरून, किंवा जाळीची कड दोन लाकडी पट्ट्यांमध्ये दाबून ती पक्की करावी. हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या झरोक्यांनाही हीच जाळी लावावी. भीतीपोटी झरोके बुजवणे मात्र चुकीचे आहे, कारण विष्ठेतून निघणारा अमोनिया आणि दमट हवा यांनी कोंबड्यांना श्वसनाचे विकार जडतात.

खणणाऱ्या प्राण्यांसाठी दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे भिंतीखाली सुमारे 30 सेंटिमीटर खोल चर खणून जाळी उभी पुरणे. दुसरा मला अधिक पसंत आहे: भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला 45 ते 60 सेंटिमीटर रुंदीची जाळी जमिनीवर आडवी अंथरायची, ती भिंतीच्या जाळीला तारेने घट्ट बांधायची, आणि तिच्यावर माती किंवा दगड टाकायचे. प्राणी भिंतीला अगदी लागून खणू पाहतो, पंजे जाळीला अडतात आणि दोन हात मागे सरकून खणावे हे त्याला सहसा सुचत नाही. काही दिवसांत गवत जाळीतून वर येते आणि जाळी दिसेनाशी होते. खुराडे खांबांवर उचलून बांधले असेल तर हा त्रास बराच कमी होतो, मात्र खालची मोकळी जागा अडगळीने भरू देऊ नये, नाहीतर उंदीर आणि घुशी तिथेच बिऱ्हाड करतात.

दाराकडे विशेष लक्ष द्यावे. नुसती सरकती खिट्टी किंवा अडकवायचा हूक पुरेसा नसतो. रॅकूनसारख्या (अमेरिकेत आढळणारा मांजराएवढा किंवा थोडा मोठा प्राणी) हातांनी कुशल प्राण्यांना तो उघडता येतो आणि कुत्र्याच्या धक्क्याने तो निसटू शकतो. कडी-कोयंड्यात कुलूप किंवा निदान अडकवून दाबायची कडी घालावी. दार आणि चौकट यांमध्ये फट राहिली आहे का, हे तपासण्याचा सोपा मार्ग असा, की भर दुपारी स्वतः खुराड्यात शिरून दार लावून घ्यावे आणि उजेड कुठून येतो ते पाहावे. अंगठा जाईल एवढी फट दिसली तर ती बुजवावीच. हे काम एकदा करून भागत नाही, कारण पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि बिजागऱ्या ढिल्या होतात.

एवढे करूनही संध्याकाळी दार लावायचे राहिले, तर सगळे फुकट. कोंबडीला अंधारात फारसे दिसत नाही. एकदा दांडीवर बसली की ती जवळजवळ निश्चल असते आणि शत्रू अंगावर येईपर्यंत जागची हलत नाही. म्हणून अंधार पडताच कोंबड्या मोजून दार लावावे. उजेडावर किंवा घड्याळावर चालणारे स्वयंचलित दार सोयीचे असते, पण ते मोजत नाही. उशीर झालेली एखादी तलंग बाहेर राहून जाऊ शकते. झुडपात अंडी घालून खुडूक बसलेली कोंबडी तर हमखास बाहेरच राहते, म्हणून तिला अंड्यांसह आत हलवावे.

दिवसा धोका असतो तो मोकाट कुत्र्यांचा आणि आकाशातून येणाऱ्या घारी-ससाण्यांचा. आवारावर जाळे ताणणे हा खात्रीचा उपाय आहे. ते शक्य नसेल तर झुडपे, मांडव किंवा उलट्या टोपल्या अशा लपायच्या जागा थोड्याथोड्या अंतरावर ठेवाव्यात. कोंबडा आकाशाकडे लक्ष ठेवतो आणि धोक्याची हाक देतो, पण ससाण्याला तो रोखेल अशी अपेक्षा करू नये. चकाकणाऱ्या चकत्या आणि बुजगावणी यांची भीती पक्ष्यांना लवकरच वाटेनाशी होते, म्हणून ती लावलीच तर जागा सतत बदलावी.

सापांचा बंदोबस्त बहुतांशी उंदरांच्या बंदोबस्तातून होतो. सांडलेले दाणे रात्री उचलावेत, खाद्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे, अंडी रोज गोळा करावीत आणि खुराड्याभोवतीचे गवत आखूड ठेवावे. जमिनीलगत सैल नायलॉनचे जाळे मात्र लावू नये. त्यात साप अडकून तडफडतो आणि त्याला सोडवणे माणसासाठी धोक्याचे ठरते. उंदरांसाठी विषही टाकू नये. विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर तेही दगावतात, आणि ज्या घुबडाने रात्रभर उंदीर टिपले असते तेच आपण गमावतो.

हल्ला झालाच तर आवरायच्या आधी खुणा नीट पाहाव्यात. अनेक कोंबड्या मारलेल्या, पण खाल्लेल्या नसतील तर संशय कुत्र्यावर किंवा मुंगसासारख्या प्राण्यावर घ्यावा. एकच कोंबडी गायब आणि पिसांची ओळ कुंपणाकडे गेलेली, तर कोल्ह्यावर. पिसे एकाच जागी ढिगाने उपटलेली असतील तर शिकारी पक्ष्यावर. टरफलाचा मागमूस न ठेवता अंडी नाहीशी होत असतील तर सापावर. या खुणा शंभर टक्के खात्रीच्या नसतात, तरी कुठली बाजू आधी तपासावी हे त्या सांगतात. मेलेली कोंबडी आवारात पडू देऊ नये. ज्याला एकदा वाट सापडली तो बहुधा पुढच्याच रात्री परत येतो, तेव्हा दुरुस्ती त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी व्हायला हवी. ती पूर्ण होणार नसेल तर उरलेल्या कोंबड्या त्या रात्रीपुरत्या टोपल्यांत किंवा खोक्यांत घालून घरातल्या बंद खोलीत ठेवाव्यात.