अमेरिकेत दूषित जागा साफ करायला सरकारी लोन कसं मिळवायचं

जुना पेट्रोल पंप किंवा ड्राय क्लीनर बंद पडलेली जागा स्वस्तात दिसली की लगेच सही करू नका, आधी फेज वन, म्हणजे जागा दूषित आहे का ह्याची प्राथमिक तपासणी, करून घ्या. ह्यात माती खणत नाहीत, जुने नकाशे, परवाने बघतात, जागेवर फिरून जमिनीखाली टाकी पुरल्याच्या खुणा शोधतात, आजूबाजूच्यांना विचारतात. ह्यातली महत्त्वाची कामं खरेदीच्या आधीच्या १८० दिवसांतली लागतात, नाहीतर २००२ च्या कायद्याने नव्या मालकाला मिळणारं संरक्षण हातचं जातं आणि दुसऱ्याने केलेली घाण तुमच्या गळ्यात पडते. ही पायरी कृपया टाळू नका, पैसे वाचवायला जाऊन माणसं इथेच अडकतात.

संशय आला तर फेज टू, म्हणजे माती-पाण्याचे नमुने.

आता लोन. ईपीए, म्हणजे अमेरिकन सरकारची पर्यावरण संस्था, थेट तुम्हाला पैसे देत नाही, ती राज्याला, शहराला, ट्राइबला (मूळनिवासी जमातीच्या सरकारला) ग्रँट देते, ते कमी व्याजाने लोन देतात, परतफेड झाली की तोच पैसा पुढच्या जागेला. म्हणून आधी शहराच्या किंवा राज्याच्या ब्राउनफिल्ड (दूषित जुन्या जागांच्या) ऑफिसला फोन करून फंड शिल्लक आहे का ते विचारा. प्रदूषण तुम्हीच केलं असेल तर लोन मिळत नाही. आणि पैसा फक्त सफाईला, नवीन बिल्डिंग बांधायला नाही, त्याची सोय वेगळी ठेवा.

सफाईचे पर्याय लोकांसमोर मांडून त्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, त्याचा वेळ आधीच धरा, शेजारी राहणाऱ्यांचा तो हक्कच आहे.