सेसना १७२ चा लँडिंग लाइट लागत नसेल तर दोष कसा शोधावा

लँडिंग लाइटचे, म्हणजे विमान उतरवताना पुढची वाट उजळणाऱ्या दिव्याचे, बटण दाबूनही दिवा लागला नाही, की संशय आधी स्विचवर जातो, कारण आपले बोट त्याच्यावर असते. मीही एकदा मोजमाप न करता नवा स्विच मागवला होता, आणि तो बसवल्यावरही दिवा पिवळट, मंदच लागत राहिला. दोष अर्थच्या, म्हणजे प्रवाह बॅटरीच्या ऋण बाजूकडे परत नेणाऱ्या, वायरीच्या टोकाला होता. म्हणून या लेखात एकच आग्रह आहे : दिवा जोडलेला आणि चालू असताना व्होल्टेज कुठे हरवते ते आधी मोजावे, आणि त्यानंतरच काय बदलायचे ते ठरवावे.

उदाहरणासाठी १९७० च्या दशकातील, १४ व्होल्ट प्रणालीचे (बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना सुमारे १४) सेसना १७२ हे छोटे विमान घेऊ. १९७८ च्या मॉडेलपासून या विमानात २८ व्होल्टची प्रणाली आली, तेव्हा बल्ब घेण्यापूर्वी आपले विमान कोणत्या प्रणालीचे आहे याची खात्री करावी.

कामाला हात लावण्याआधी

अमेरिकेत नोंदणी झालेल्या आणि भाडोत्री वाहतुकीत नसलेल्या विमानाच्या मालकाकडे किमान प्रायव्हेट पायलटचे प्रमाणपत्र असेल, तर फेडरल विमान नियमांच्या भाग ४३ मधील परिशिष्ट ए त्याला लँडिंग लाइटच्या वायरिंगमधील तुटलेले सर्किट शोधण्याची आणि दुरुस्त करण्याची मुभा देते. पंखांच्या टोकांच्या आणि शेपटीच्या पोझिशन लाइटबाबत मात्र ही मुभा बल्ब, परावर्तक आणि काच बदलण्यापुरतीच आहे. त्यांच्या वायरिंगचे काम प्रमाणित मेकॅनिकचे आहे. स्विच बदलण्याची वेळ आली तर तेही मेकॅनिकला विचारूनच करावे. भारतात नोंदणी झालेल्या विमानाला ही अमेरिकी सवलत लागू नाही. तरीही बारामती किंवा धुळ्याला उड्डाण शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही पद्धत माहीत असेल, तर तो आपल्या अभियंत्याला 'लाइट चालत नाही' यापेक्षा पुष्कळ नेमके काही सांगू शकेल.

आपल्या विमानाच्या अनुक्रमांकाला लागू असलेली सर्व्हिस मॅन्युअलमधील वायरिंगची आकृती समोर ठेवावी आणि नंतरच्या काळात एलईडी दिवा बसवला गेला आहे का, हे नोंदवहीत पाहावे. विमानातील बहुतेक वायरी पांढऱ्याच असतात, त्यामुळे रंगावरून काहीही ओळखू येत नाही. वायरीवर छापलेला क्रमांक आणि आकृती यांवरच विसंबावे लागते.

सुरक्षिततेबाबत थोडे थांबून सांगायला हवे. या काळातील अनेक १७२ मध्ये लँडिंग लाइट नाकाच्या कॉउलिंगमध्ये (इंजिनावरच्या झाकणात), म्हणजे थेट प्रोपेलरच्या मागे असतो. मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) अर्थ करणारी वायर तुटलेली असेल तर किल्ली बंद असूनही प्रोपेलर हलवताच इंजिन सुरू होऊ शकते. म्हणून किल्ली काढून खिशात ठेवावी, चाकांना अटकाव लावावा आणि प्रोपेलरच्या फिरण्याच्या कक्षेत हात किंवा डोके नेऊ नये. पॅनेलच्या मागे हात घालण्यापूर्वी मास्टर (मुख्य विद्युत स्विच) बंद करून बॅटरीची ऋण केबल आधी सोडावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. अंगठी आणि धातूचे घड्याळही काढून ठेवावे.

लक्षण नीट पाहावे

बाकीचे दिवे लागतात का? काहीच लागत नसेल तर बॅटरी, मास्टर आणि बस (जिथून सगळ्या सर्किटांना वीज वाटली जाते ती पट्टी) यांच्याकडे पाहावे. फक्त लँडिंग लाइटचा ब्रेकर (प्रवाह जास्त झाल्यास सर्किट तोडणारे बटण) बाहेर आला असेल तर तो एकदाच आत दाबावा; पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर घासून बॉडीला टेकली आहे असे धरावे आणि ब्रेकर दाबून धरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यानंतर जळते ती वायर.

मग बल्ब. या विमानात सामान्यतः ४५०९ क्रमांकाचा, १३ व्होल्टवर १०० वॅटचा बल्ब असतो आणि तो सुमारे ७.७ अँपिअर प्रवाह घेतो. तो सुटा करून मल्टिमीटरने तपासावा. थंड फिलामेंटचा रोध तापलेल्या फिलामेंटच्या तुलनेत अगदी कमी असतो, म्हणून शून्याजवळचा आकडा पाहून बल्ब शॉर्ट आहे असे समजू नये. रोध अनंत दिसला तरच बल्ब गेला.

व्होल्टेज कुठे हरवते

बल्ब चांगला असेल तर खरे काम इथून सुरू होते. बल्ब काढून त्याच्या वायरीवर मीटर लावला तर गंजलेल्या सांध्यातूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. म्हणून बल्ब जोडलेला ठेवूनच मोजावे. बॅटरी पुन्हा जोडून मास्टर आणि लँडिंग लाइट चालू करावा, मोजमाप लवकर उरकावे आणि दिवा बंद करावा.

समजा बॅटरीवर १२.३ व्होल्ट आहेत आणि बल्बच्या दोन टोकांमध्ये ९.८. म्हणजे २.५ व्होल्ट वाटेत हरवले. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन बाजूस आणि दुसरे बल्बच्या धन टोकाला लावल्यास पुरवठ्याच्या बाजूची घट कळते, समजा ०.४. बल्बच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत मोजल्यास २.१ मिळाले, तर दोष अर्थकडे आहे आणि स्विच निर्दोष आहे. अमेरिकी विमान प्रशासनाच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेत १४ व्होल्ट प्रणालीत सतत चालणाऱ्या भारासाठी ०.५ व्होल्टपर्यंत घट मान्य आहे.

उलट घट पुरवठ्याच्या बाजूला असेल तर ब्रेकरची दोन टोके, स्विचची दोन टोके आणि फायरवॉलपासून (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीपासून) पुढची जोडणी असे तुकडे करून एकेक मोजावे. कॉउलिंग दर वेळी काढताना दिव्याची जी जोडणी सोडावी लागते ती बऱ्याचदा सैल झालेली असते. स्विचच्या टोकांवर घट मोठी असेल, टोके तपकिरी झाली असतील किंवा काही क्षणांतच बटण हाताला गरम लागत असेल, तर स्विचच्या आत कार्बन धरला आहे.

मोटारीच्या दुकानातला '१५ अँपिअर' लिहिलेला स्विच इथे चालत नाही. चालू होण्याच्या क्षणी फिलामेंट बल्ब नेहमीच्या प्रवाहाच्या १५ पटींपर्यंत प्रवाह खेचू शकतो, आणि त्यामुळेच १२ व्होल्टच्या बल्बच्या भारासाठी स्विचचे मानांकन पाचपट धरायला तीच मार्गदर्शिका सांगते. विमानाच्या भागसूचीतील क्रमांकाचाच स्विच घ्यावा.

दुरुस्ती आणि पुन्हा तपासणी

अर्थचा सांधा उघडून ॲल्युमिनियमवरील पांढरी पूड चकचकीत धातू दिसेपर्यंत काढावी, खराब लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) कापून त्याच मापाचा विमानाचा लग योग्य क्रिंपिंग साधनाने बसवावा. घरगुती टेप आणि पिळलेले जोड टाळावेत. पॅनेलच्या मागे काम झाले असेल तर वायर क्लँपने बांधून कंट्रोल पूर्ण डावीकडे, उजवीकडे, पुढे आणि मागे फिरवून पाहावेत. सुटी वायर कंट्रोलच्या साखळीत अडकणे हे दिवा न लागण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे.

याच तपासात स्ट्रोबकडे (लखलखणाऱ्या इशारा दिव्याकडे) हात जाणार असेल तर तो बंद केल्यावर किमान ५ मिनिटे थांबावे, कारण त्याच्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटर प्राणघातक व्होल्टेज धरून ठेवतो.

शेवटी तेच मोजमाप पुन्हा घ्यावे. दिवा फक्त इंजिन चालू असतानाच विझत असेल तर सांधा कंपनाने सुटतो आहे, आणि ते जमिनीवर इंजिन चालवून, कॉकपिटमध्ये बसूनच, समोरच्या भिंतीवरच्या उजेडावरून पाहावे. काम पूर्ण झाल्यावर केलेल्या कामाचे वर्णन, पूर्ण झाल्याची तारीख, सही, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि प्रकार विमानाच्या नोंदवहीत लिहावा. मी शेजारी घटीचे जुने व नवे आकडेही लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी दिवा मंद वाटला तर तुलना करायला काहीतरी हाताशी असते.