स्पेक्ट्रमचं चित्र पीसीवर आणताना

मामा इंग्लंडहून येताना झेडएक्स स्पेक्ट्रम हा कॅसेटवर माहिती साठवणारा जुना घरगुती संगणक आणि चार-पाच कॅसेटी घेऊन आले होते. एका कॅसेटवर त्यांनी स्वतः काढलेलं होडीचं चित्र होतं. कॅसेटचा आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड करून त्याची टॅप फाइल (कॅसेटवरचे बाइट जसेच्या तसे ठेवणारी फाइल) बनवली, तिथवर ठीक होतं. पण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत उघडल्यावर एका होडीचे चोवीस चपटे तुकडे दिसायला लागले!

आधी फाइलचा आकार पाहिला: 6937 बाइट. चित्राला लागतात 6912. त्यात 6144 ठिपक्यांचे, 768 रंगांचे. उरलेले 25 म्हणजे टेपचा सरंजाम. सुरुवातीचे 24 आणि शेवटचा 1 उडवला.

तुकडे तरी चोवीसच. खरी मेख ओळींच्या क्रमात. स्पेक्ट्रम पडद्याचे तीन आडवे पट्टे करतो, आणि पट्ट्यातल्या 64 ओळी सरळ लिहीत नाही: आधी 0, 8, 16 असं 56 पर्यंत, मग 1, 9, 17... तो क्रम उलगडणारं छोटं लूप लिहिलं आणि होडी एकसंध झाली.

आकाश मात्र लालभडक. रंग तीन बिटांत (0 किंवा 1) असतो, आणि त्यांचा खालून क्रम मी धरला होता लाल-हिरवा-निळा. इथे सगळ्यात खालची बिट निळ्याची, मग लाल, मग हिरवा. अदलाबदल केली आणि चित्राची पीएनजी फाइल मामांना पाठवली. त्यांचं उत्तर: "शीड पिवळं होतं रे." ते पिवळंच आहे, त्यांच्या फोनचा नाईट मोड चालू होता.